कोटीचं चित्र आणि रोजचे शंभर रुपये

‘श्रीमंतीची मानसिकता’ शिकवणारी शिबिरं आता गोव्यालाही नवीन राहिलेली नाहीत. रविवारची सकाळ, हॉटेलातला वातानुकूलित हॉल, खुर्चीवर ठेवलेली वही आणि पेन. डोळे मिटायला सांगतात. तुमचा बंगला बघा, पोर्चमधली गाडी बघा, तिच्या सीटच्या चामड्याचा वास घ्या. मग कोऱ्या कागदावर स्वतःच्या नावे एक कोटीचा चेक लिहायचा आणि तो घरी कपाटाला आतून चिकटवायचा. पैसा तुमच्याकडे ओढला जाणार, कारण तुम्ही तसा विचार करताय.

याला हसणं सोपं आहे. पण पूर्ण हसून सोडून द्यावं असंही हे प्रकरण नाही. मनाचा आणि पैशाचा संबंध आहेच. तो कसा आहे, कुठे उपयोगी पडतो आणि कुठे उलटतो, यावर गेली तीस-पस्तीस वर्षं बरंच गंभीर संशोधन झालं आहे. शिबिरात सांगतात त्यापेक्षा ते जास्त रंजक आहे, आणि फुकट आहे.

विचाराने वस्तू ओढली जाते, ही कल्पना मुळात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतली. फिनिअस क्विम्बी नावाचा घड्याळं बनवणारा एक गृहस्थ माणसांचे आजार त्यांच्या समजुती बदलून बरे करू पाहत होता. त्याच्या शिष्यांतून आणि वाचकांतून एक पंथच उभा राहिला. आजारावरून ही कल्पना पैशावर आली, आणि विसाव्या शतकात तिच्यावरची पुस्तकं धडाक्यात खपली. आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण चेष्टेने वापरतात. तिकडे हरीच्या जागी विश्व आलं आणि चेष्टा गेली, एवढाच फरक.

आता संशोधनाकडे येऊ. गाब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. 1991 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या एका अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या बायका होत्या. वर्षभराच्या कार्यक्रमाआधी प्रत्येकीला विचारलं होतं, की पुढचं चित्र डोळ्यांपुढे कसं येतं? ज्यांच्या डोळ्यांपुढे सडपातळ झालेलं स्वतःचं छानदार चित्र होतं, त्यांनी घटवलेलं वजन वर्षअखेर इतरांनी घटवलेल्यापेक्षा जवळपास 11 किलोंनी कमी भरलं. म्हणजे चित्र जितकं गोड, तितका परिणाम फिका.

हा योगायोग असेल म्हणून त्यांनी पैशाच्या बाबतीतही बघितलं. 2002 च्या अभ्यासात पदवी संपवून नोकरी शोधणारी मुलं घेतली. मनासारखी नोकरी मिळाल्याची स्वप्नं जी मुलं वारंवार रंगवत होती, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी पाठवले होते, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या होत्या आणि ज्यांना मिळाल्या त्यांचा पगारही कमी होता. कारण काय? 2011 मध्ये बाईंनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने लोकांचा रक्तदाब मोजला. इच्छा पूर्ण झाल्याचं चित्र रंगवताना वरचा रक्तदाब खाली येतो. अंग सैलावतं. शरीराला वाटतं काम झालं, आता पाय ताणून बसायला हरकत नाही. रविवारी शिबिरातून बाहेर पडताना जे हलकं हलकं वाटतं, ते याच जातीचं असावं असं माझं मत आहे.

मग सकारात्मक विचार हा सगळाच भोंगळपणा का? नाही, आणि इथेच खरी गोम आहे. त्याच अभ्यासांत एक दुसरी गोष्टही मोजली होती. ‘हे मला जमेल असं मला वाटतं का?’ हा अंदाज. ज्यांना आपल्या मागच्या अनुभवावरून जमेल असा भरवसा होता, त्यांचं वजनही जास्त उतरलं आणि त्यांना नोकऱ्याही चांगल्या लागल्या. म्हणजे ‘सकारात्मक’ या एकाच डब्यात आपण दोन वेगळ्या वस्तू कोंबतो. एक आहे रंगवलेलं चित्र, दुसरा आहे कमावलेला भरवसा. पहिलं फुकटात मिळतं म्हणून शिबिरात तेच विकलं जातं. दुसऱ्यासाठी आधी काहीतरी करून बघावं लागतं, मग ते थोडं जमावं लागतं, मग त्यातून पुढचा भरवसा येतो.

ओटिंगनबाईंनी यातून एक साधी पद्धत काढली. स्वप्न बघा, जरूर बघा, पण त्याला लागूनच विचारा की माझ्यातलीच कोणती गोष्ट आडवी येणार आहे. बाहेरची नव्हे, सरकार, बाजार, नशीब यांचं नंतर बघू, माझ्यातली. समजा फोंड्यातल्या एका मुलीला दोन वर्षांत लाखभर रुपये साठवून स्वतःचं शिवणयंत्र आणि दुकानाचं डिपॉझिट जमवायचं आहे. चित्र छान आहे. आडवं काय येतं? ती म्हणेल पगार कमी. आणखी खणलं तर निघेल की पगार झाल्याच्या पहिल्या शनिवारी मैत्रिणींबरोबर पणजीला जाणं होतं आणि तिथे ‘नाही’ म्हणायला तिला लाज वाटते. हा अडथळा खरा. याच्यावर काहीतरी करता येतं.

काय करता येतं, ते पीटर गोलवित्झर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं. हे ओटिंगनबाईंचे यजमानही. त्यांचा मुद्दा असा, की ‘मी बचत करीन’ हा निश्चय हवेत राहतो, कारण तो कधी आणि कुठे करायचा हे त्या क्षणाला ठरवावं लागतं, आणि नेमका त्या क्षणाला माणूस दमलेला, भुकेला किंवा मित्रांत असतो. त्याऐवजी आधीच ठरवून टाका: ‘अमुक झालं की मी तमुक करणार.’ पगाराचा मेसेज फोनवर आला, की बसस्टॉपवर उभी असतानाच मी चार हजार दुसऱ्या खात्यात टाकणार. मैत्रिणींनी विचारलं, की मी म्हणणार ‘येते, पण माझी वेळ फक्त चहापुरती.’ वाक्य आधी बनवून ठेवलं की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. अनेक प्रकारच्या कामांवर हे तपासलं गेलंय, औषध वेळेवर घेण्यापासून मतदानाला जाण्यापर्यंत, आणि परिणाम बऱ्यापैकी दिसतो.

पिग्मीवाला

गोव्यात हे शास्त्र कुणी शिकवायच्या आधीपासून बाजारात फिरतंय. पिग्मी म्हटलं की आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बँकेचा किंवा पतसंस्थेचा एजंट रोज ठरावीक वेळेला दुकानात येतो, ठरलेली छोटी रक्कम घेतो, पावती देतो आणि पुढच्या दुकानात जातो. ही योजना 1928 मध्ये उडुपीच्या बँकेने काढली, तिचंच पुढे सिंडिकेट बँक असं नाव झालं. रोजचे दोन आणे, एवढ्यावर ती सुरू झाली होती.

म्हापशाच्या बाजारात संध्याकाळी कधीतरी हे बघत उभं राहावं. फुलवाली अबोलीचे गजरे ओल्या फडक्याखाली सारते, पदराच्या गाठीतून चुरगळलेल्या नोटा काढते, त्यातली शंभराची सरळ करते. एजंटच्या हातातलं छोटं यंत्र कर्रकर्र करून चिठ्ठी सोडतं. एखाद्या दिवशी विक्री झालेली नसते. ती म्हणते, “फाल्यां दितां रे,” उद्या देते. तो जागचा हलत नाही. “मावशे, फाल्यां दोनशें जातले,” उद्या दोनशे होतील. ती कुरकुरते, आणि पन्नास तरी काढून देते.

या व्यवहारात सकारात्मक विचार कुठेही दिसत नाही, पण शास्त्राने सांगितलेलं सगळं त्यात आहे. वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, रक्कम ठरलेली आहे, आणि आडवं येणारं ‘उद्या बघू’ हे ज्याच्यापुढे बोलायला लाज वाटावी असा एक माणूस समोर उभा आहे. त्या बाईचा भरवसा चित्रातून आलेला नाही. मागच्या वर्षी याच शंभर-शंभरांतून मुलाची कॉलेजची फी भरली, यातून तो आलाय.

पिग्मीचे तोटेही आहेत आणि ते मोठे आहेत. व्याज नगण्य असतं. मुदतीआधी मोडली तर तेही हातचं जातं. म्हणून पिग्मी ही पैसा गोळा करायची जागा समजावी, वाढवायची नव्हे.

वाढवायचं गणित एकदा शांतपणे करू. रोजचे शंभर म्हणजे महिन्याचे तीन हजार. ते दरमहा भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेत, म्हणजे पीपीएफमध्ये, पाच तारखेच्या आत टाकले, तर एप्रिल 2020 पासून चालत आलेला 7.1 टक्के हा दर धरून पंधरा वर्षांत साधारण साडेनऊ लाख होतात. तुम्ही घातलेले असतात पाच लाख चाळीस हजार. हे आकडे ऐकून हुरळून जायचं नाही, कारण महागाई सहा टक्के धरली तर आजच्या वस्तू बारा वर्षांत दुप्पट महाग होतात. पंधरा वर्षांनंतरचे ते साडेनऊ लाख आजच्या चार लाखांच्या मोलाचे. शिबिरात चक्रवाढीचा चमत्कार फळ्यावर काढतात, तेव्हा हा दुसरा स्तंभ पुसलेला असतो.

आता यात एकच बदल करा. रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवा. पहिल्या वर्षी महिना तीन हजार, दुसऱ्या वर्षी तेहतीसशे, असं. त्याच दराने, तितक्याच वर्षांत, रक्कम जाते पावणेअठरा लाखांच्या घरात. जवळपास दुप्पट. जादूचा भाग यात थोडाच आहे, तुम्ही पैसेही दुप्पट घातलेत. पण मिळकत वाढते तशी बचत वाढवली तर ते घालताना टोचत नाही.

आणि इथेच आशावादाचा एक झकास उपयोग आहे. माणूस उद्याच्या स्वतःबद्दल फार उदार असतो. आज पैसे काढून द्या म्हटलं तर कुरकुर, पुढच्या वर्षीच्या पगारवाढीतून द्या म्हटलं तर ‘अहो, आनंदाने!’ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोघांनी नेमकं हेच पकडलं. एका अमेरिकी कारखान्यातल्या कामगारांकडून त्यांनी आजच सही घेतली, की पुढची प्रत्येक पगारवाढ झाली की त्यातला काही हिस्सा आपोआप बचतीत जाईल. नको असेल तर कधीही बाहेर पडा. 2004 च्या त्यांच्या लेखानुसार, या कामगारांची बचत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 40 महिन्यांत 13.6 टक्क्यांवर गेली. कुणाची मानसिकता बदलायचा खटाटोप त्यांनी केला नाही. ‘उद्या करू’ हा जो आळस आहे, तोच त्यांनी कामाला लावला. थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सरकारी नोकरीत असाल तर महागाई भत्ता वाढतो त्या महिन्यात हे करता येईल. बँकेला दिलेली आपोआप वळतं करायची सूचना वाढवून घ्यायची, बस्स.

पावसाळा आणि चवथ

पण गोव्यात दरमहा पगार येणाऱ्यांइतकंच हंगामावर जगणारं जगही मोठं आहे. शॅक, टॅक्सी, भाड्याच्या स्कूटर, किनाऱ्याजवळच्या दोन खोल्या. ऑक्टोबरला पैसा यायला लागतो, मे संपला की झऱ्याला पाणी बंद. आणि सगळ्यात तंगीच्या दिवसांत चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते. माटोळीचं सामान (गणपतीवर टांगायची फळं-भाज्या), नेवऱ्या, फटाके, मुंबईहून येणारे भाऊबंद, नवे कपडे. चवथीला हात आखडता घेणं आमच्याकडे कुणाला जमत नाही, जमू नये असंही मला वाटतं. मग सोनं गहाण पडतं.

अशा माणसाला ‘तुमची मानसिकता गरिबीची आहे’ असं सांगणारे वक्ते असतात. त्यांनी तामिळनाडूतला एक अभ्यास वाचावा. 464 ऊस शेतकऱ्यांना तर्काची कोडी तोडणीच्या आधी घातली आणि तोडणीचे पैसे आल्यावर पुन्हा घातली. माणूस तोच, पण हातात पैसा नसताना त्याला कोडी कमी सुटली. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे आलं. तंगी डोक्याची जागा खाते. सतत कुणाचे किती द्यायचेत याची बेरीज आत चालू असेल, तर लांबचा विचार करायला जागा कुठून उरणार? म्हणजे पुष्कळदा पैशाची चणचण आधी येते आणि तिच्यामागून ती ‘गरिबीची मानसिकता’.

यातून निघणारा सल्ला अगदी जमिनीवरचा आहे. मोठे निर्णय भरल्या हंगामात घ्यायचे. कर्ज, गुंतवणूक, गाडी बदलणं, जे काही असेल ते जानेवारी-फेब्रुवारीत ठरवावं, जुलैत नव्हे. आणि हंगामातल्या प्रत्येक आठवड्याच्या जमेतून पावसाळ्याचे चार महिने आणि चवथ वेगळ्या खात्यात बाजूला पडत गेली पाहिजेत. ‘रविवारी रात्री हिशेबाची वही उघडली, की जमेचा तिसरा भाग पावसाळी खात्यात.’ तिसराच का, असं कुणी विचारलं तर बारा महिन्यांतले चार म्हणजे तिसरा हिस्साच की.

खाणींची वर्षं

अति आशावादाची किंमत गोव्याने एकदा सामुदायिक मोजली आहे. चीनला लोखंड हवं होतं, 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आगेमागे खनिजाचे भाव चढत गेले, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत घरोघर ट्रक उभे राहिले. एक घेतला तो फिटला, म्हणून त्यावर दुसरा घेतला. दुसऱ्यावर बँकेने तिसऱ्याला कर्ज दिलं. देवाचा कौल घ्यायला देवळात प्रसाद लावला, उजवी पाकळी पडली म्हणजे होकार मिळाला, नारळ फुटला, ट्रक रस्त्यावर. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. पुढे सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं बंद. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालू.

त्या ट्रकवाल्यांना वेडं ठरवण्यात अर्थ नाही. त्यांचा भरवसा कमावलेला होता, पहिला ट्रक खरंच फिटला होता. चूक होती ती एवढीच, की ट्रिपा थांबल्या तर काय हा प्रश्न विचारायला कुणी थांबलं नाही, आणि विचारणारा अपशकुनी ठरत होता. मंजू पुरी आणि डेव्हिड रॉबिन्सन यांचा 2007 चा अभ्यास इथे आठवतो. आपण किती वर्षं जगू असं लोकांना वाटतं आणि आयुर्विम्याच्या तक्त्यांप्रमाणे ते किती जगतील, यातला फरक त्यांनी आशावादाचं माप म्हणून घेतला. बेताचे आशावादी जास्त तास काम करत होते, बचतही बरी करत होते. टोकाचे आशावादी मात्र पैशाचा विचार फार थोड्या काळापुरता करत आणि बचतीला महत्त्व देत नसत.

दुसरीकडे भाट (बागायती जमीन) विकून आलेल्या पैशाचं काय होतं, ते आपण गावोगाव बघतोच. नोकरीतला एक हजार खर्च करताना दहादा विचार करणारा माणूस वडिलोपार्जित जमिनीचे लाख गाडीत घालून मोकळा होतो. थेलर याला मनातली वेगवेगळी खाती म्हणतात. घामाचा पैसा एका खात्यात, आयता पैसा दुसऱ्यात, आणि दुसऱ्याचं दार कायम उघडं. असा पैसा आलाच, तर सहा महिने मुदत ठेवीत टाकून त्याच्याकडे बघूच नये. तोवर तो थोडाफार ‘आपला’ वाटायला लागतो.

मानसिकता या शब्दाला खरं वजन आणून दिलं ते कॅरल ड्वेक यांनी. बुद्धी किंवा कसब जन्मतः मोजून मिळतं असं मानणारे आणि ते वाढवता येतं असं मानणारे, असा त्यांचा फरक. ‘धंदा आमच्या रक्तात नाही’, ‘मला व्याजाचं गणित कळत नाही, नवऱ्याला विचारा’, ही पहिल्या जातीची वाक्यं. ती सोडायला हवीतच. पण या कल्पनेचीही ताकद मापात धरा: 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 12 हजार शाळकरी मुलांवर ती तपासली, तेव्हा मागे पडलेल्या मुलांचे गुण किंचितच वाढले, आणि तेही आजूबाजूची मुलं अवघड काम अंगावर घेण्याला मान देणारी असतील तिथे जास्त. पैशाच्या बाबतीत मी याचा अर्थ असा घेतो, की घरात हिशेब उघडपणे बोलला जात असेल तर बायको, मुलगा, सून सगळ्यांना तो यायला लागतो.

राहिला विश्वास. ‘आपलीच बँक, आपलीच माणसं’ हाही एक सकारात्मक विचारच. 2020 आणि 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने गोव्यातल्या दोन नागरी सहकारी बँकांचे परवाने रद्द केले. अशा वेळी ठेवीदाराला विम्याचं संरक्षण असतं ते एका बँकेत एका नावावर, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत. फेब्रुवारी 2020 पूर्वी ते एकच लाख होतं. हे संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना नाही, भिशीला तर नाहीच, आणि महिन्याला तीन टक्के देतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला तर मुळीच नाही. तेव्हा पिग्मीची रक्कम पतसंस्थेत साठत असेल, तर ती वर्षातून दोनदा उचलून बँकेत किंवा पोस्टात न्यावी. तारीख आजच ठरवून ठेवा: एक चवथीच्या आधी, एक शिगम्यानंतर, म्हणजे होळीच्या सणानंतर.